वेल्लोरच्या आयडाबाई

दुसऱ्याचे दुःख पाहून मन कळवळणे हा माणसाचा स्वाभाविक धर्म आहे. वाटेत ठेचाळून पडलेल्या वृद्धाला आपण हात देतो, भुकेल्यापुढे भाकरी ठेवतो, रडणाऱ्या मुलाला जवळ घेतो. परंतु नुसत्या कळवळ्याने तापकऱ्याचा ताप उतरत नाही, की वाहणारी जखम भरून येत नाही. त्यासाठी ज्ञान लागते. आणि एका माणसाचे ज्ञान कितीही मोठे असले, तरी त्याचे हात दोनच असतात व दिवसाचे तास ठरलेलेच असतात. म्हणून दया, ज्ञान आणि ते ज्ञान दुसऱ्यांच्या हाती देण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथेच सेवेचे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दक्षिण भारतातील वेल्लोर या गावी डॉ. आयडा सोफिया स्कडर या ख्रिस्ती स्त्रीने केलेले कार्य हे याचे उत्तम उदाहरण होय.

वेल्लोर हे गाव आज तमिळनाडू राज्यात आहे. तेथील भक्कम भुईकोट किल्ल्याचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. १६७८ साली मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर तो घेतला होता. पण आज दूरदूरच्या प्रांतांतून माणसे वेल्लोरला जातात, ती किल्ला पाहण्यासाठी नव्हे. घरच्या आजारी माणसाला बरे करून आणता येईल, या आशेने ती जातात. ही आशा त्या गावाला कशी प्राप्त झाली, ते आता पाहू.

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी वेल्लोरजवळच्या राणीपेट येथे झाला. तिचे घराणे अमेरिकन. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ साली अमेरिका सोडून प्रथम सिंहलद्वीपात व पुढे मद्रास इलाख्यात आले. धर्मप्रचाराबरोबर रोग्यांवर औषधोपचार करणारे ते पहिले अमेरिकन मिशनरी होत. त्यांच्या पुत्रांनीही तीच वाट धरली. आयडाचे वडील, त्यांचेही नाव जॉनच, हे डॉक्टर होते आणि मद्रास इलाख्यातील खेड्यापाड्यांत काम करीत होते.

आयडा सहा-सात वर्षांची असताना, १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिणेत फार मोठा दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. मिशनच्या आवारात भुकेने कासावीस झालेली मुले येत. त्यांना अन्न भरविण्याच्या कामात आईवडिलांबरोबर या मुलीचेही इवले हात गुंतले होते. ते दृश्य तिच्या मनावर कायमचे कोरले गेले. पण त्याचा परिणाम मात्र आपल्याला वाटेल त्याच्या उलट झाला. दुःखाने भरलेल्या या देशात आपण आयुष्य काढावयाचे नाही, असे तिने मनाशी ठरविले. पुढे ती शिक्षणासाठी अमेरिकेत राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड येथील मुलींच्या शाळेत ती शिकत होती. ती बुद्धिमान होती, हसरी होती आणि खोडकरही होती. घराण्याची परंपरा आपण चालवावी असे तिला मुळीच वाटत नव्हते.

१८९० साली आई आजारी असल्याचे कळले, म्हणून ती भारतात आली. वडिलांचा मुक्काम तेव्हा तिंडिवनम या गावी होता. आईची शुश्रूषा करावी, काही दिवस वडिलांना मदत करावी आणि परत जावे, एवढाच तिचा विचार होता. परंतु तेथे एका रात्री जे घडले त्याने तो विचार पार बदलून टाकला.

त्या रात्री बंगल्याच्या दारावर थाप पडली. एक ब्राह्मण तरुण दाराशी उभा होता. त्याची अल्पवयीन पत्नी बाळंतपणात अडली होती. सुईणीचे सर्व उपाय थकले होते. "आपण यावे आणि तिला वाचवावे," अशी त्याने आयडाला विनंती केली. आपल्याला वैद्यकाचे काहीही ज्ञान नाही, परंतु आपले वडील निष्णात डॉक्टर आहेत, ते तत्काळ येतील, असे तिने सांगितले. तरुण मागे सरला. परपुरुषाला घरातील स्त्रीच्या खोलीत येऊ देणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. तो तसाच परत गेला. थोड्या वेळाने दुसरी थाप पडली. या वेळी एक मुसलमान गृहस्थ आला होता. त्याचीही तीच अडचण होती आणि त्याचेही तेच उत्तर होते. त्यानंतर आणखी एक हिंदू गृहस्थ आला आणि तोही निराश होऊन गेला. तिघांचे धर्म व जाती वेगळ्या होत्या. परंतु तिघांच्या घरी एकच दुःख होते आणि तिघांच्या वाटेत एकच भिंत उभी होती. सकाळी गावातून अंत्ययात्रेच्या वाद्यांचा आवाज आला. आयडाने चौकशीसाठी नोकर पाठविला. तिन्ही स्त्रिया रात्रीतच मरण पावल्या होत्या.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून त्या काळच्या परिस्थितीचा थोडा विचार केला पाहिजे. बाळंतपण म्हणजे आजार नव्हे. परंतु त्यात अडचण आली तर काही घटकांतच मातेचा व बाळाचा प्राण जाऊ शकतो. मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना किंवा अस्वच्छ हातांमुळे जंतूंचा शिरकाव होऊन सूतिकाज्वर झाला, तर शिकलेल्या माणसाची मदत लागते. सुईणी अनुभवी असत, पण शरीराची रचना व जंतूंचे ज्ञान त्यांना कोणी दिलेले नसे. डॉक्टर जे थोडे होते ते बहुतेक सर्व पुरुष होते आणि पडद्याच्या व सोवळेपणाच्या रूढीमुळे पुरुष डॉक्टरला स्त्रीच्या खाटेपर्यंत जाता येत नसे. म्हणजे औषध होते, डॉक्टरही होता, तरी रोगी त्याच्याविना मरत होता. मुलींना शिक्षण नसल्यामुळे स्त्री डॉक्टर निर्माण होत नव्हत्या आणि स्त्री डॉक्टर नसल्यामुळे स्त्रिया मरत होत्या. हे दुष्टचक्र कोठेतरी भेदणे आवश्यक होते.

आपल्या आनंदीबाई जोशी यांनाही हीच उणीव जाणवली होती. आपले तान्हे मूल गमावलेल्या या मराठी स्त्रीने वैद्यकाच्या शिक्षणासाठी १८८३ साली समुद्र ओलांडला आणि १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली. दुर्दैवाने १८८७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या हातून सेवा घडावयाची ती राहून गेली. त्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९५ साली, त्याच महाविद्यालयात आयडा स्कडर दाखल झाली. एक भारतातून गेलेली आणि दुसरी भारतासाठी परत येणार असलेली, अशा या दोन स्त्रियांचे हेतू एकच होते.

शेवटच्या वर्षी आयडाने न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे स्त्रियांना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. १८९९ साली ती डॉक्टर झाली. परतण्यापूर्वी वेल्लोर येथे स्त्रियांसाठी रुग्णालय बांधण्याकरिता पैसा जमविण्याचे काम तिच्यावर सोपविण्यात आले. तिने त्या तीन स्त्रियांची हकीकत सांगितली. ती ऐकून शेल नावाच्या एका वृद्ध धनिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

१९०० सालच्या आरंभी डॉ. आयडा भारतात उतरल्या. सोबत ॲनी हॅनकॉक ही त्यांची मैत्रीण होती. ती पुढे वेल्लोरमधील घराघरांत जाऊन स्त्रियांच्या ओळखी करून घेऊ लागली. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा आणि मग स्वतंत्रपणे काम करावे, अशी आयडाबाईंची कल्पना होती. परंतु त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. नवशिकी डॉक्टर, परकी तरुणी आणि तीही एकटी! लोकांचा विश्वास बसेना. बंगल्यातील एका लहानशा खोलीत त्यांनी दवाखाना सुरू केला. घरकामाला असलेल्या नोकराची पत्नी ही त्यांची पहिली मदतनीस झाली. हळूहळू एक रोगी बरा झाला, त्याने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला आणले. दोन वर्षांत सुमारे ५,००० रोग्यांवर त्यांनी उपचार केले. १९०२ साली ४० खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले आणि स्त्रियांना हक्काची जागा मिळाली.

येथपर्यंतची कथा ही एका दयाळू डॉक्टरची कथा आहे. असे डॉक्टर इतरत्रही होऊन गेले. आयडाबाईंचे वेगळेपण यापुढे दिसू लागते. काम करता करता त्यांच्यापुढे एकेक प्रश्न उभा राहिला आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून एकेक संस्था जन्माला आली. ते प्रश्न कोणते, हे क्रमाने पाहणे उद्बोधक आहे.

पहिला प्रश्न असा, की शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी त्यानंतर रोग्याची काळजी कोणी घ्यावयाची? जखम धुणे, पट्टी बदलणे, वेळेवर औषध देणे, ताप मोजून त्याची नोंद ठेवणे, रोग्याला कूस बदलून देणे ही कामे बाहेरून क्षुल्लक वाटतात. परंतु निम्मे रोगी त्यांच्या बळावरच बरे होतात. परिचारिकेचे काम त्या काळी आपल्याकडे हलके समजले जाई. कुलीन घरातील मुलीने परक्याचे मलमूत्र काढावे, ही कल्पनाच लोकांना सहन होत नसे. आयडाबाईंनी १९०९ साली डेलिया हाउटन या प्रशिक्षित परिचारिकेच्या साहाय्याने शुश्रूषेचे शिक्षण देणारी शाळा काढली. मुलींना त्यांनी केवळ काम शिकविले नाही, तर त्या कामाची प्रतिष्ठा शिकविली. पुढे १९४६ साली याच शाळेतून शुश्रूषेचे महाविद्यालय उभे राहिले आणि परिचारिकेलाही विद्यापीठाची पदवी मिळू लागली. अशी पदवी देणाऱ्या भारतातील अगदी पहिल्या संस्थांत त्याची गणना होते.

दुसरा प्रश्न खेड्यांचा होता. रुग्णालय वेल्लोरला, परंतु रोगी मात्र वीस-वीस मैलांवरच्या वस्त्यांत. ज्याच्या पायाला व्रण झाला आहे, तो चालत येणार कसा? जी दिवसभर शेतात राबते, ती मूल आजारी पडले म्हणून दोन दिवसांची मजुरी बुडवून शहरात येणार कशी? रोगी डॉक्टरकडे येऊ शकत नसेल तर डॉक्टरने रोग्याकडे जावे, हे सरळ उत्तर होते. आयडाबाई आठवड्यातून एक दिवस गुडियात्तम या गावी बैलगाडीने जाऊ लागल्या. १९०९ साली त्यांना एक लहानशी मोटारगाडी मिळाली. तोवर त्या भागातील खेडुतांनी मोटार पाहिलेली नव्हती. बैलावाचून धावणारी आणि आवाज करणारी ही गाडी पाहून प्रथम लोक पळून जात. लवकरच मात्र त्याच गाडीची ते वाट पाहू लागले.

ही व्यवस्था मोठी साधी व सोयीची होती. रस्त्याच्या कडेची काही झाडे ठरलेली असत. ठरलेल्या वारी गाडी त्या झाडाखाली थांबे. आसपासच्या वाड्यांतील रोगी तेथे आधीच जमलेले असत. कोणाचे डोळे आलेले, कोणाला खरूज, कोणाचे गळू पिकलेले, कोणी हिवतापाने कुडकुडणारा. औषधांची पेटी उघडली जाई, परिचारिका जखमा धूत आणि डॉक्टर एकेकाला तपासत. शहरातील दवाखान्यात ज्यांना जवळ बसण्याचा संकोच वाटे ते कुष्ठरोगीही या झाडाखाली येऊन बसत. ज्याची प्रकृती गंभीर असे त्याला गाडीत घालून रुग्णालयात नेत. दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच जागी गाडी येत असल्यामुळे मागील आठवड्यात बांधलेली पट्टी सोडून जखम पुन्हा पाहता येई. औषधापेक्षाही या नियमितपणाचा गुण मोठा होता. भिंती नसलेला, छप्पर नसलेला असा हा रस्त्याकडेचा दवाखाना पुढे वेल्लोरच्या कार्याचे एक वैशिष्ट्यच ठरला.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा होता. खेडी शेकडो आणि डॉक्टर एक. दिवसरात्र काम केले तरी आपल्या हातून किती स्त्रिया वाचणार? आपण गेल्यावर काय? परदेशातून आणखी चार डॉक्टर आणले, तरी या विस्तीर्ण देशाला ते पुरणार नव्हते. ज्यांची भाषा व चालीरीती लोकांच्याच आहेत अशा भारतीय मुलींनाच डॉक्टर केले पाहिजे, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आयडाबाईंनी वैद्यकीय शाळा काढण्याचे ठरविले. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या संस्थांनी आपापले मतभेद बाजूला ठेवून या कामासाठी एकत्र यावे, यासाठी त्या वर्षानुवर्षे पत्रे लिहीत व प्रवास करीत राहिल्या. मद्रासच्या वैद्यकीय खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना मात्र शंका वाटत होती. वैद्यकासारखा कठीण विषय शिकावयास मुली मिळतील कोठून?

१९१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात शाळा सुरू झाली. अर्ज इतके आले, की कित्येकींना परत पाठवावे लागले. इमारत भाड्याची, पुस्तके मोजकी, सूक्ष्मदर्शक यंत्र एक आणि शरीररचना शिकविण्यासाठी हाडांचा एक संच, एवढीच सामग्री होती. रुग्णालयातील काम सांभाळून आयडाबाई स्वतः शिकवीत. वर्षअखेर सरकारी परीक्षा झाली. पुरुषांच्या शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले होते. त्यामुळे आपल्या मुलींचे काय होणार, ही चिंता सर्वांनाच लागली होती. निकाल लागला, तेव्हा वेल्लोरहून परीक्षेस बसलेल्या चौदाही जणी उत्तीर्ण झाल्या होत्या! १९२२ साली ही पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. ज्या समाजात स्त्रीला डॉक्टर मिळत नव्हता, त्याच समाजाच्या मुली आता डॉक्टर होऊन रोग्याच्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. ते दुष्टचक्र आता खऱ्या अर्थाने भेदले गेले.

या कामात आयडाबाईंना अनेकांची साथ लाभली. त्यांच्या मैत्रीण गर्ट्रूड डॉड यांनी आपली संपत्ती आणि आयुष्याची अनेक वर्षे या संस्थेला दिली. १९२० नंतरच्या दशकात नवे मोठे रुग्णालय झाले आणि गावाबाहेर बागायम येथे टेकड्यांच्या पायथ्याशी सुमारे २०० एकर जागेत वैद्यकीय शाळेच्या नव्या इमारती उभ्या राहू लागल्या.

परंतु संस्थेची खरी कसोटी अजून व्हावयाची होती. १९३७-३८ च्या सुमारास मद्रास सरकारने वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावण्यासाठी नवे धोरण स्वीकारले. वैद्यकीय शाळांतील कनिष्ठ दर्जाचा शिक्षणक्रम बंद करून यापुढे विद्यापीठाच्या पदवीचेच शिक्षण दिले जावे, असे ठरले. धोरण योग्यच होते. परंतु वेल्लोरपुढे त्याने संकट उभे केले. पदवीच्या शिक्षणासाठी उच्च पदव्या धारण करणारे अध्यापक हवेत, सुसज्ज प्रयोगशाळा हव्यात, अधिक खाटा हव्यात. यासाठी पैसा कोठून आणावयाचा? नाही तर शाळा बंद करावयाची! आयडाबाईंनी तेव्हा सत्तरी गाठली होती. इतरांनी या वयात विश्रांती घेतली असती. त्या मात्र दुसरे महायुद्ध पेटलेले असताना अमेरिकेत गेल्या आणि गावोगाव व्याख्याने देत संस्थेसाठी देणग्या गोळा करीत हिंडल्या. १९४२ साली मद्रास विद्यापीठाने पदवीच्या शिक्षणक्रमास मान्यता दिली. शाळेचे महाविद्यालय झाले.

याच वेळी आणखी एक पेच पडला होता. संस्था टिकवावयाची तर अधिक मिशन संस्थांचे साहाय्य हवे होते आणि त्यासाठी पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश देणे आवश्यक होते. ज्या स्त्रियांनी अमेरिकेत केवळ स्त्रियांच्या शिक्षणासाठी पै-पैसा जमविला होता, त्यांपैकी काहींना हे मुळीच पसंत पडले नाही. हे वचन मोडण्यासारखे आहे, असे त्यांना वाटले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आयडाबाईंच्या मनालाही हा निर्णय सोपा नव्हता. कारण स्त्रियांसाठी काढलेली संस्था हे त्यांचे आयुष्यभराचे स्वप्न होते. परंतु संस्था आपल्या स्वप्नासाठी आहे की रोग्यांसाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असावा. जुन्या स्नेह्यांची नाराजी पत्करून त्यांनी बदलाला संमती दिली. १९४७ साली महाविद्यालयात पुरुष विद्यार्थी आले. स्वतः उभारलेली संस्था काळाप्रमाणे बदलू देण्यासाठी मनाचा जो मोठेपणा लागतो, तो संस्था उभारण्याच्या कर्तृत्वापेक्षा कमी नव्हे.

१९४६ साली आयडाबाई निवृत्त झाल्या. त्यानंतर लवकरच संस्थेची धुरा डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय स्त्रीच्या हाती आली. परकीयांनी सुरू केलेले कार्य या देशातील माणसांनी आपल्या खांद्यावर घेतले. आयडाबाईंच्या कार्याची फलश्रुती शोधावयाची तर ती येथेच सापडते.

त्यांनी पेरलेल्या बीजाला पुढे कशी फळे आली, याची एक-दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची करता येतात, हे त्यांनी १९४८ पासून दाखवून दिले. ज्यांच्याकडे पाहण्यासही लोक कचरत, ते रोगी आपल्या हातांनी काम करून पोट भरू लागले. याच महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटारीचा भयंकर अपघात झाला आणि कमरेखालचे त्यांचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या खचल्या नाहीत. चाकाच्या खुर्चीवर बसून त्या कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे अपंगांना स्वावलंबी करण्याच्या शास्त्राचा त्यांनी परदेशात अभ्यास केला आणि १९६६ साली वेल्लोर येथे त्यांच्या नेतृत्वाखाली अपंगांच्या पुनर्वसनाची संस्था सुरू झाली. १९७२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

निवृत्तीनंतर आयडाबाई कोडाईकनाल येथील आपल्या लहानशा घरी राहत. बागेची व फुलांची त्यांना आवड होती. जगभरातून त्यांना पत्रे येत. एका पत्रावर केवळ 'डॉक्टर आयडा, भारत' एवढाच पत्ता होता, तरी ते त्यांना बिनचूक पोहोचले, असे सांगतात. १९६० सालच्या मे महिन्यात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. संस्थेचे काम मात्र एक दिवसही थांबले नाही. १९६१ साली भारतातील हृदय उघडून करावयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया वेल्लोर येथेच झाली. २००० साली भारत सरकारच्या टपाल खात्याने आयडाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एका खाटेपासून वाढत गेलेल्या या रुग्णालयात आज दोन हजारांहून अधिक खाटा आहेत आणि रोज हजारो रोगी तेथे येतात.

आयडाबाईंना हे बळ कोठून मिळाले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. रोग्याच्या जखमेला हात लावणे म्हणजे आपल्या प्रभूची सेवा करणे, अशी त्यांची निष्ठा होती. या निष्ठेमुळेच रोगी ब्राह्मण आहे की मुसलमान, धनिक आहे की भिकारी, याचा विचार त्यांना करावा लागला नाही. आपल्या देशातील संतांनीही रंजल्यागांजल्यांत देव पाहावयास शिकविले आहे. धर्माची नावे निराळी असली, तरी खरी सेवा एकाच ओळखीने कळते; ती समोरच्या माणसाचे दुःख पाहते, त्याची जात पाहत नाही.

तिंडिवनम येथील त्या रात्री तीन माणसे दारातून रिकाम्या हातांनी परत गेली. त्या प्रसंगी नुसते रडून थांबणे शक्य होते. दैवाला दोष देणे शक्य होते. त्या लोकांच्या रूढींना नावे ठेवणेही शक्य होते. आयडाने यांपैकी काहीच केले नाही. आपल्याला काय येत नाही, हे तिने ओळखले, ते शिकून घेतले आणि शिकलेले शेकडो मुलींना दिले. आपल्यासमोरही दुःखाचे अनेक प्रसंग येतात. अशा वेळी मनात दया उपजली, तर ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या दयेने आपल्याला कोणते ज्ञान मिळवावयास लावले आणि ते ज्ञान आपण किती जणांच्या उपयोगी आणले, यावरूनच तिचे मोल ठरते.